एकाच प्रश्नानें मूर्च्छित होणारा सेवक

घरांतील मुलें भ्रमणध्वनीवर एखाद्या स्थळाचें नांव लिहितात आणि क्षणार्धांत तें पान समोर उभें राहतें. यंत्रांचा व्यवहार मात्र नांवांनीं नव्हे, अंकांनीं चालतो. नांवावरून अंक सांगणारे सेवक पडद्याआड अहोरात्र तिष्ठत असतात. अशा अदृश्य सेवकास 'डीमन' म्हणतात. 'इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्टियम' या संस्थेच्या 'बाइंड' प्रणालींतील 'नेम-डी' हा त्यांतील सुप्रसिद्ध सेवक.

जुलै २०१५ मध्यें असें उघड झालें कीं, कोणा परक्यानें 'टी-की' जातीचा एक विशिष्ट वेडावांकडा प्रश्न पाठविला, तर हा सेवक जागच्या जागीं बंद पडतो. परवलीचा शब्द नको, प्रश्नांचा भडिमार नको; एक पाकीट पुरे! यांत चोरी कशाचीच होत नाहीं. परंतु सेवकच मूर्च्छित झाल्यावर त्याच्यावर विसंबणाऱ्यांनीं वाट कोणास पुसावी? यास आम्ही 'सेवावरोध' म्हणूं.

याचें कारण मननीय आहे. सेवक प्रश्नाच्या एका भागांत नांव शोधी; नांव सांपडे, पण त्याखालीं हवा तो मजकूर नसे. मग तो दुसऱ्या भागाकडे वळे. त्यापूर्वीं पाटी कोरी करावयास हवी होती. ती राहून गेली होती. आंत बसविलेल्या पहारेकऱ्यास आज्ञा अशी कीं, पाटी कोरी नसल्यास सर्व काम थांबवावें. त्यानें तें थांबविलें! आवृत्ति ९.१.० पासून, म्हणजे सुमारें १४ वर्षें, हा दोष तसाच होता. आणि दुरुस्ति काय, तर पाटी पुसणारी एक ओळ.

मग पहारेकरीच काढून टाकावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. चुकीची वाट दाखविणाऱ्यापेक्षां गप्प बसणारा बरा. दोष सावधपणाचा नव्हे, पाटी न पुसण्याचा होता.

नियम कितीहि कडक केले तरी हा प्रश्न अडवितां येत नव्हता. दुरुस्त आवृत्ति बसविणें हाच उपाय, आणि ती सूचनेबरोबरच उपलब्ध होती. थोड्याच दिवसांत हल्ल्यांच्या वार्ता आल्या. दोष जाहीर होतो तेव्हां तो सज्जनांप्रमाणें दुर्जनांसहि कळतो. म्हणून औषध हातीं असतां 'उद्यां पाहूं' म्हणणें हाच खरा धोका. आपल्या घरच्या यंत्रावरहि अशा दुरुस्तीच्या सूचना येतात. त्या बाजूस सारूं नयेत. घरांतील एका जाणत्यानें हें काम आपल्याकडे घ्यावें, एवढेंच वाचकांस आमचें सांगणें आहे.