स्वस्तातली ऐरण आणि छर्‍याची परीक्षा

घरच्या घरी लोहारकाम करण्याची हौस अलीकडे काही तरुणांना लागली आहे. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी एखादा विळा, एखादी दाराची कडी घडवायची, यात वाईट काहीच नाही. ज्या कामावर पूर्वी जन्माची पाटी लावलेली असे, ते आज कोणीही आपल्या आवडीने हाती घेतो, ही आम्हांला आनंदाचीच गोष्ट वाटते. पण या हौसेला पहिली ठेच लागते ती ऐरणीपाशी. चांगली पोलादी ऐरण पगारदार माणसाच्या खिशाला जड जाते, म्हणून तो बिडाची स्वस्त ऐरण आणतो. पुढे तिच्या माथ्यावर खळगे पडले, कडांचे टवके उडाले, की कपाळाला हात लावतो. मग आमच्यासारख्यांना विचारतो, ही सुधारता येईल काय?

येईल. मात्र पैसा कुठे घालायचा आणि कुठे घालायचा नाही, हे आधी ठरवले पाहिजे.

प्रथम आपल्याजवळ काय आहे ते ओळखा. मोटारीच्या जुन्या बेअरिंगमधला एक मोठा छर्रा घ्या. शेजारी फूटपट्टी उभी धरून तो 10 इंचांवरून ऐरणीच्या माथ्यावर सोडा. कठीण केलेल्या पोलादावर तो 7-8 इंच उसळतो. साध्या बिडावर निम्माही उसळत नाही. या उसळीला महत्त्व का, तर हातोड्याचा घाव ऐरणीने परत फेकला म्हणजे तापलेले लोखंड दोन्ही बाजूंनी दबते. मऊ ऐरण तो घाव स्वतःच गिळून टाकते आणि दंड मात्र तुमचा भरून येतो. दुसरी परीक्षा कानशीची. माथ्याच्या कडेला कानस घसरली तर पोलाद कठीण, चावली तर मऊ. क्वचित स्वस्तातली ऐरण ओतीव पोलादाचीही निघते. तसे झाले तर नशीब समजा.

आता बिडाच्या माथ्यावर पोलादी पट्टी वेल्डिंगने बसवून घेण्याचा मोह होतो. आमचे सांगणे स्पष्ट आहे, त्या फंदात पडू नका. बीड वेल्डिंगच्या उष्णतेने तडकते. शिवाय पट्टी फक्त चारी कडांना चिकटते, मधे पोकळी राहते आणि घाव नेमका मधेच पडतो. भट्टीत तापवून पाण्यात बुडवण्याचा सल्लाही काहीजण देतात. एवढा मोठा ओतीव ठोकळा घरच्या भट्टीत सारखा तापत नाही आणि पाण्यात गेला की दुभंगण्याची भीती. म्हणजे पैसेही गेले आणि ऐरणही गेली!

खरी सुधारणा आहे ती बैठकीत. आपल्याकडचा लोहार ऐरण लाकडाच्या ओंडक्यात रोवतो, तो ओंडका जमिनीत पुरतो आणि बसून काम करतो. त्यामागे शहाणपण आहे. डुगडुगती ऐरण कितीही भारी असली तरी घाव वाया घालवते. म्हणून ऐरण पालथी करा. ओतीव माल असल्याने तळ बहुधा वाकडा असतो, तो ग्राइंडरने सपाट करून घ्या. बाभळीचा जाड ओंडका उभ्या रेषेत ठेवा, वरचे तोंड सपाट कापा आणि लोखंडी पट्ट्यांनी ऐरण आवळून टाका, नुसते खिळे ठोकून भागत नाही. उभ्याने काम करणार असाल तर हात सरळ खाली सोडून मूठ वळा. बोटांची पेरे येतात तिथे ऐरणीचा माथा यावा. त्याहून उंच असेल तर खांदा दुखतो, खाली असेल तर कंबर. एका दिवसाचे हे काम, पण फरक पहिल्याच तासात कळतो.

मग कडा. नव्या ऐरणीची कड धारदार असते आणि धारदार कडच आधी फुटते. ती कानशीने 3-4 मिलिमीटर गोल करा. घडवत्या लोखंडात चिरा पडण्याचेही टळते. छिन्नीने तोडताना खाली जाड पत्र्याचा तुकडा ठेवा. ऐरणीच्या शिंगावर थंड सळई ठोकू नका, बिडाचे शिंग तुटते. आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. बिडाचा उडालेला टवका डोळा घालवतो. घरात लहान मुले असतील तर त्यांना लांब उभे करा.

एवढे करूनही बीड ते बीडच. जोराचे ठोकायचे तर जोडीला रेल्वेच्या रुळाचा तुकडा असावा. 52 किलोचा रूळ म्हणतात तो मीटरला 52 किलो भरतो, म्हणजे दीड फुटाचा तुकडा जवळजवळ 24 किलोंचा. लोक तो आडवा ठेवतात, आम्ही उभा ठेवायला सांगतो. आडव्या रुळात माथ्याखाली पातळ मान असते. उभा केला की हातोड्याच्या थेट खाली सगळे वजन येते. माथा लहान दिसेल, पण हातोड्याचे तोंड तरी केवढे असते? ओंडक्यात वीतभर खाच करून तो पाचरींनी घट्ट बसवा. वाकवण्याची, सरळ करण्याची हलकी कामे बिडाच्या ऐरणीवर करा.

मात्र रूळ घेताना सावध राहा. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा 1966 सालचा आहे आणि रुळाचा तुकडा घरात सापडला तर तो कुठून आला हे तुम्हांलाच सांगावे लागते. कोणी रात्री आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. रेल्वेच्या लिलावातला माल घेणार्‍या भंगारवाल्याकडून घ्या, पावतीवर रुळाचे वजन आणि तारीख लिहून घ्या आणि ती पावती घरपट्टीच्या पावत्यांबरोबर फाइलला लावून ठेवा.