मधल्या सुट्टीतील दांडगाई

नांदेड-हिंगोली रस्त्यावरील आखाडा बाळापूर हे कळमनुरी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. अशा गावांतील शाळांची चर्चा होते ती निकाल, पटसंख्या आणि रिक्त पदे यांच्या अनुषंगाने. मधल्या सुट्टीच्या अर्ध्या तासात मुलांवर काय गुदरते, याची नोंद कोणत्याही हजेरीपटात होत नाही. धाकट्याच्या ताटलीतील खिचडी सांडून देणे, जातीवरून वा बापाच्या नावाने हाका मारणे, ऊसतोडीवरून परतलेल्या मुलाला डावात न घेणे, हे सारे 'पोरांचे चालायचेच' या एका वाक्यात निकालात काढले जाते. पोट दुखते असे सांगून घरी राहणाऱ्या मुलाचे दुखणे पोटाचे नसते, हे पालकांना पुष्कळदा फार उशिरा उमगते. तोवर त्या मुलाची शाळा जवळजवळ सुटलेली असते.

कायद्याचे लक्ष या बाजूला नाही असे म्हणता येणार नाही. पण ते अपुरे आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी केली, तथापि त्याचा रोख मुख्यतः शिक्षकाच्या छडीवर आहे. महाराष्ट्राने 1999 साली रॅगिंगविरोधी कायदा केला, तो गाजला महाविद्यालये व वसतिगृहे यांच्या संदर्भात. बदलापूरच्या 2024 मधील घृणास्पद घटनेनंतर शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्याचे आदेश निघाले. ते आवश्यकच होते. परंतु कॅमेरा घडलेले दाखवितो. रिकाम्या हातांना काम देत नाही.

आणि मूळ रिकामपणातच आहे. पीटर व आयोना ओपी या ब्रिटिश दांपत्याने मुलांच्या खेळांवरील आपल्या 1969 च्या ग्रंथात नोंदविले आहे, की गल्लीत मोकळेपणाने खेळणारी मुलेच शाळेच्या कुंपणाआड अधिक आक्रमक होतात. जागा कोंडलेली, सोबती न निवडलेले, आणि करावयास काही नाही. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. त्याच वेळात शिक्षक पोषण आहाराच्या वाटपात आणि त्याच्या नोंदींत गुंतलेला असतो. नॉर्वेत 1982 च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्यानंतर 1983 मध्ये देशव्यापी मोहीम हाती घेतली गेली. तिच्याशी निगडित असलेल्या डॅन ओल्व्हेयस यांच्या कार्यक्रमात सुट्टीतील देखरेखीला महत्त्वाचे स्थान होते, आणि बर्गेनच्या शाळांत छळाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले.

ज्या गावाच्या नावातच आखाडा आहे, तेथे झुंज आणि मारामारी यांतील भेद समजावून सांगण्याची गरज नसावी. तांबड्या मातीत जोड तोलून लावली जाते आणि वस्तादाचा शब्द अखेरचा असतो. शाळेच्या मैदानावर सातवीचा दांडगा आणि दुसरीचा किडकिडीत पोरगा यांची जोड कोणीच तोललेली नसते. तेथे बहुधा एकच खेळ चालतो, तो क्रिकेटचा. बॅट ज्याची त्याचे राज्य. चार-दोघे खेळणार, उरलेले चेंडू आणून देणार, आणि मुली पायऱ्यांवर बसणार.

खो-खोची रचना याच्या नेमकी उलट आहे. पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. कितीही चपळ असला तरी त्याला खो द्यावाच लागतो आणि बसलेल्याची पाळी येतेच. कबड्डीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो. लंगडी, लगोरी, आट्यापाट्या यांना फक्कीच्या चार रेघा आणि चपट्या दगडांपलीकडे खर्च नाही. ज्या खेळांचे नियम महाराष्ट्रात बांधले गेले, ते येथील शाळांतच वार्षिक स्पर्धांपुरते उरावेत हे विचित्रच.

खेळ आला की छळ गेला, असे मात्र नव्हे. गडी निवडताना सर्वांत शेवटी उरणाऱ्या मुलाची मान रोजच खाली जाते; ती निवड चिठ्ठीने वा पटाच्या क्रमाने करावी. काही मुलांना धावावयाचे नसते. त्यांच्यासाठी झाडाखाली सागरगोटे व चौकटी असाव्यात. आणि शिक्षकाने शिटी घेऊन सुट्टीचा तास करून टाकू नये. सुट्टी ही मुलाची स्वतःची असते. ती हिरावली तर दांडगाई तेवढी स्वच्छतागृहामागे जाईल.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आणि प्रत्येक वर्गाला खेळसाहित्य यांची तरतूद आहे, तर उच्च प्राथमिक वर्गांत शंभरांहून अधिक मुले असल्यास शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देण्याचीही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आहारवाटपाच्या वेळी दोन पालकांनी आळीपाळीने मैदानावर उभे राहावे, काळ्या जमिनीचा चिखल होणाऱ्या पावसाळ्यासाठी मैदानाच्या एका कोपऱ्यात मुरूम टाकून घ्यावा, आणि निदेशकाच्या पदाचा पाठपुरावा जिल्हा परिषदेकडे करावा, एवढे ठराव तिच्या पुढील बैठकीत होण्यास कोणत्याही नव्या शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.