फुकटाचे, विकतचे आणि वर्गणीचे

वाचकहो, हा दिवाळी अंक आपल्या हाती कसा आला? आपण तो रोख पैसे मोजून घेतला असेल, वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत वर्गणी भरून पाळीपाळीने घरी आणला असेल, किंवा शेजारच्या वहिनींनी वाचून झाल्यावर चकल्यांच्या डब्याबरोबर आपल्याकडे धाडला असेल. तिन्ही मार्ग घरंदाज आहेत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी माणूस असाच वाचत आला आहे. पण चौथा एक मार्ग आपण पत्करला नाही. गावातल्या एखाद्या धनिकाने ‘मी सर्वांना अंक फुकट वाचू देतो, मात्र वाचायचे ते माझ्या ओटीवर बसून, आणि मी दिवा मालवला की उठायचे’ असे म्हटले असते, तर आमच्या आजोबांनी त्याला दारातूनच नमस्कार केला असता. आज आपण तळहातावर यंत्र घेऊन नेमके त्याच ओटीवर बसलो आहोत, आणि ‘सगळे कसे फुकट मिळते’ म्हणून एकमेकांना टाळ्या देत आहोत. त्या फुकटाविरुद्ध मला आज चार शब्द लिहायचे आहेत.

कोणी म्हणेल, ‘बाई, तुम्ही आंजर्ल्याच्या मास्तरीणबाई, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, लिहिता कादंबऱ्या; तुम्हाला इंटरनेटच्या भानगडीत काय कळते?’ कबूल. यंत्रातले मला थोडेच कळते. पण वर्गणी, उधारी आणि उपकार या तीन गोष्टी कोकणातल्या बाईला कोणी शिकवाव्या लागत नाहीत.

१९९५ सालच्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. मी तेव्हा दहावीच्या उंबरठ्यावर होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे सोय झाली. खाजगी व्यक्तीने २५० तासांसाठी ५,००० रुपये भरायचे, आणि वेग म्हणाल तर सेकंदाला ९.६ किलोबिट. आंजर्ल्यातून कोणी तो थाट करू म्हणता तर मुंबईला एसटीडी लावून तासन्‌तास बसावे लागले असते. म्हणजे ती वस्तू आमच्या लेखी नव्हतीच.

ती मला प्रथम दिसली कागदावर. माझा थोरला चुलतभाऊ अमेरिकेत नोकरीला होता. एका मे महिन्यात तो आला तो आंब्याच्या मोसमातच, आणि पिशवीतून त्याने छापील कागदांचा एक गठ्ठा काढला. इंग्रजी लिपीत मराठी मजकूर! परदेशी गेलेली आपली माणसे ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ अशा लांबलचक नावाच्या गटात एकमेकांना पत्रे लिहीत होती. उकडीच्या मोदकाची पारी का फाटते यावर पाच-सहा जणांचा कडाक्याचा वाद चालला होता आणि त्यात आमच्या दादाचेही एक पत्र होते. माझी आई ते ऐकून पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, ‘अरे, पाण्यात तूप घातलंत का आधी, ते विचार त्यांना.’ दादाने परत गेल्यावर तसे लिहिले म्हणे. आंजर्ल्याच्या स्वयंपाकघरातले वाक्य त्या वर्षी जगभर फिरून आले.

हे जे गट, त्यांना न्यूजग्रुप म्हणतात आणि त्या सबंध पसाऱ्याला यूझनेट. १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी त्याचा बेत केला आणि १९८० साली तो अमलात आला. त्याची रीत आपल्या जुन्या पोथ्यांसारखी आहे. एका गावच्या शास्त्रीबुवांकडे पोथी आली की दुसऱ्या गावचे शास्त्रीबुवा तिची नक्कल करून नेत, त्यांच्याकडून तिसऱ्या गावचे. मूळ पोथी जळाली तरी ग्रंथ राहात असे. तद्वत यूझनेटवर आपण लिहिलेले पत्र आपल्या जवळच्या यंत्रावर ठेवले जाते, ते यंत्र शेजारच्या यंत्राला त्याची प्रत देते, आणि असे करीत ते सर्वत्र पोचते. साऱ्याचा मिळून मालक कोणी नाही. १९९१ सालच्या ऑगस्ट महिन्यात टिम बर्नर्स-ली यांनी आपल्या ‘वर्ल्ड वाइड वेब’ची वार्ता अशाच एका गटात दिली, आणि लिनस तोरवाल्ड्‌स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने पुढे ‘लिनक्स’ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या आपल्या खटाटोपाची खबरही त्याच महिन्यात दुसऱ्या एका गटात दिली. मराठी अक्षरे संगणकावर उमटावीत म्हणून अविनाश चोपडे यांनी १९९१ साली केलेली ‘आयट्रान्स’ ही युक्तीही अशाच मंडळींच्या हातून पसरली.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सारे फुकट होते काय? मुळीच नव्हते. यंत्रे विद्यापीठांची होती, टेलिफोनचे बिल संस्था भरीत होत्या. पुढे घरोघर इंटरनेट गेले तेव्हा जोडणी देणाऱ्या कंपन्या महिन्याच्या बिलातच न्यूजग्रुपांची सोय देऊ लागल्या. बिलात तिचा आकडा वेगळा लिहिलेला नसे, म्हणून घरच्यांना वाटले, हे फुकट. ज्या वस्तूचे पैसे आपण देतो हेच आपल्याला ठाऊक नसते, ती काढून घेतली तर भांडायचे कोणत्या तोंडाने? आणि झालेही तसेच. २००८ साली न्यूयॉर्क राज्याचे महाधिवक्ता अँड्र्यू क्युओमो यांना ८८ गटांत मुलांची अश्लील चित्रे आढळली. ती बंद व्हायलाच हवी होती, याबद्दल दुमत नाही. पण काही बड्या कंपन्यांनी ८८ गटांबरोबर हजारो निरुपद्रवी गटांवरही पाणी सोडले. एकीने तर सारेच न्यूजग्रुप बंद केले. उंदीर निघाला म्हणून धान्याचे कोठारच पेटवून द्यावे, तसा हा न्याय. जिथे हे रोपटे लावले गेले त्या ड्यूक विद्यापीठानेही २०१० सालच्या मे महिन्यात आपले यंत्र बंद केले.

मग राहिले ते दोघे. एक दुकानदार आणि एक दानशूर.

दुकानदार महिन्याला डॉलर घेतो आणि सारे गट उघडे करतो. त्याच्यावर माझा राग नाही. तो निदान भाव सांगतो. पण त्याचा भाव कशाचा असतो ते पाहा. यूझनेटवर अक्षरांची पत्रे असतात तसे चित्रपट, गाणी आणि पुस्तके यांचे अवजड बोजेही असतात. या बोजांचे वजन आज रोज शेकडो टेराबाइट भरते. पत्रांचे वजन त्यापुढे हत्तीपुढे मुंगीएवढे. दुकानदार दर आकारतो तो हत्तीच्या चाऱ्याचा. शिवाय त्या बोजांत चोरीचा माल पुष्कळ असतो, आणि माझ्यासारख्या कादंबरीवाल्यांच्या पोटावर त्याचा पाय पडतो. ज्याला तो बोजा वाहायचा असेल त्याने हमाली जरूर द्यावी. पण ज्याला चार ओळींचे पत्र वाचायचे आहे त्याने हत्तीचा चारा का पुरवावा?

दानशूराची गोष्ट याहून बोधप्रद आहे. २००१ साली गूगलने ‘डेजा’ नावाच्या कंपनीकडून न्यूजग्रुपांचा जुना साठा घेतला, १९८१ पर्यंतची पत्रे मिळवून त्यात घातली, आणि सत्तर कोटी पत्रे सर्वांना फुकट वाचायला ठेवली. लिहायचीही सोय केली. लोकांनी धन्य धन्य म्हटले आणि ज्यांनी स्वतःची यंत्रे चालवली होती त्यांतल्या पुष्कळांना वाटले, आता आपण कशाला चालवावी? मग त्या फुकटाच्या दारातून जाहिरातबाजांची झुंबड उडाली, इतकी की दुसऱ्या यंत्रवाल्यांना कचरा उपसणे कठीण झाले. आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी दानशूराने यूझनेटपुरते आपले दार लावून घेतले. जुने तेवढे वाचा. नवे लिहिणे नाही, नवे वाचणे नाही. त्याने करार मोडला काय? नाही. करार होताच कुठे? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, आणि त्याने ताट उचलले की उठावे.

माझा दादा आता या जगात नाही. त्याचे ते मोदकाचे पत्र त्या कोठारात कुठेतरी आहे. ते वाचायला मिळते ते एका कंपनीच्या मर्जीने. उद्या तिला वाटले की जुने कागद सांभाळणे परवडत नाही, तर मी कोणाच्या दारी जाऊ?

याला आपण निव्वळ अमेरिकेतली गोष्ट समजू नये. २०१५ सालच्या डिसेंबरात फेसबुकचे मार्क झुकरबर्ग यांनी आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहून, महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याला त्यांच्या ‘फ्री बेसिक्स’मुळे कसा लाभ झाला ते सांगितले होते. निवडक ठिकाणे फुकट. बाकी जगासाठी पैसे. कोणती ठिकाणे, हे ठरवायची रीत त्यांची. आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी असल्या भेदभावाच्या दरांना मनाई केली आणि मोडणाऱ्याला रोज ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख, असा दंड ठेवला. शाबास त्यांची! पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रिलायन्स जिओने सारेच फुकट वाटायला काढले, आम्ही ते ओंजळी भरभरून घेतले, आणि २०२४ सालच्या जुलैत मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा माझ्या वर्गातल्या दोघी मुलींचा अभ्यासाचा मोबाइल त्याच महिन्यात मुका झाला. फुकटाची सवय लागली, हक्क मात्र लागला नाही.

‘म्हणजे बाई, गरिबांनी पैसे भरावेत असे तुमचे म्हणणे?’ नव्हे. माझे म्हणणे असे की फुकट आणि विकत यांच्यामध्ये वर्गणी नावाची एक वस्तू आहे, आणि ती आपल्या हाडीमाशी खिळलेली असून आपण ती विसरलो आहोत. आमच्या रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. १९६७ सालच्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याप्रमाणे अ, ब, क, ड वर्गांतल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते, आणि सभासद वर्गणी भरतात. वर्गणीदार गिऱ्हाईक नसतो, याचकही नसतो. तो वार्षिक सभेत उठून ‘हे मासिक का बंद केले?’ असे चिटणिसांना विचारू शकतो. दुकानदाराला ते विचारता येत नाही आणि दानशूराला तर नाहीच नाही. ज्याला वर्गणी झेपत नाही त्याची ती माफ करता येते, आणि ती गोष्ट कपाटातल्या वहीपलीकडे कोणाला कळतही नाही.

हे स्वप्नरंजन नव्हे. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीच्या आश्रयाने वाढलेली ‘इंडिव्हिज्युअल’ ही न्यूजग्रुपांची सेवा आधी विनामूल्य होती. २००५ साली तिने वर्षाला १० युरो वर्गणी ठेवली. वर्षाला, महिन्याला नव्हे. केवळ अक्षरांची पत्रे, बोजे नाहीत. ‘इटर्नल सप्टेंबर’ नावाची दुसरी सेवा नाव नोंदवून घेऊन अक्षरी गट विनामूल्य देते. आहेत अजून अशी माणसे. मात्र चार भल्या माणसांच्या पदरमोडीवर जगाने कायमचे अवलंबून राहावे, हेही बरे नव्हे.

आणखी एक शंका मला ऐकू येते. ‘यूझनेट आता वाचतो कोण? मेलेल्याला कशाला उठवता?’ तर ऐका. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्यावरून गेले. आंजर्ले, हर्णै, केळशी, सारी किनारपट्टी झोडपली गेली. माडापोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज गेली, मोबाइलचे मनोरे मुके झाले, आणि कित्येक दिवस पलीकडच्या वाडीत कोण कसे आहे ते पायी जाऊन पाहावे लागले. त्या दिवसांत मला त्या पोथीच्या रीतीची किंमत कळली. जिथे सारा मजकूर दूरदेशीच्या कोठारात असतो तिथे तार तुटली की अंधार. पण गावच्या वाचनालयात गावाची प्रत असली, तर तार दिवसातून एकदा तासभर जोडली तरी पत्रे येतात-जातात, आणि उरलेला दिवस गाव आपले वाचत बसते. अक्षरी मजकुराला एक जुना संगणक पुरतो. ही रीत मेलेली नाही. आपण ती वापरणे सोडले आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तालुक्याच्या वाचनालयांनी पुस्तकांच्या कपाटाशेजारी असे एक यंत्र ठेवावे. त्यावर मराठी गट असावेत, मोदकांचे, भातशेतीचे, मुलांच्या अभ्यासाचे. वर्षाची वर्गणी दिवाळी अंक योजनेएवढी असावी. लिहिणाऱ्याचे नाव वहीत असावे, म्हणजे जाहिरातबाजाला आणि शिवीगाळ करणाऱ्याला बाहेर काढता येईल. एका वाचनालयाने दुसऱ्याला प्रत द्यावी. बोजे नकोत, ते दुकानातून घ्या.

आणि तोवर? आपण घरी इंटरनेटचे बिल भरता ना? या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला चोपड्या पुजाल, तेव्हा ते बिल एकदा काढून बघा. त्यात कशाचे किती पैसे, काय फुकट म्हणून दिले आहे आणि ते कोणाच्या मर्जीने चालले आहे, हे घरातल्या शाळकरी मुलाला वाचायला सांगा. त्याला उत्तर सापडले नाही, तर कंपनीला पत्र लिहा. आणि वाचनालयाची वर्गणी थकली असेल, तर भाऊबिजेच्या आत ती भरून टाका.