शेजारच्या अंगणातले फुटबॉल

फुटबॉलचा विषय निघाला की आमच्या उपनगरांतला रसिक गोव्याच्या कौतुकात रमतो. हा गुण तिकडच्या मातीतच, असे ठरवून मोकळा होतो. आम्हांस हे कौतुक आळशी वाटते. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा जन्माने गोव्याचे खरे, पण खेळले मुंबईच्या टाटा संघाकडून. मातीच सर्व काही असेल तर संघ आणि मैदान कशाला हवे? आमची अनेक महाविद्यालये मात्र क्रीडा-कोट्यातून प्रमाणपत्रे पाहून तयार खेळाडू घेतात, हजेरीत सूट देतात. मैदान आणि प्रशिक्षक यांविषयी अवाक्षर काढत नाहीत. अंधेरीच्या क्रीडासंकुलात टाळ्या वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांनी व आम्हां प्राध्यापकांनी आधी आपल्याच प्राचार्यांना विचारावे : आपण घडवलेला खेळाडू कोणता? शेजाऱ्याचे कौतुक नंतर करू.