नियमाला तारीख आहे, मदतीला का नाही?



पीककर्ज ३० जूनच्या आत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळते. १ जुलैला बँकेत गेलात तर मिळत नाही. घरात मयत झाली होती की तुरीचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकले होते, हे कोणी विचारत नाही. तारीख म्हणजे तारीख.

आता त्याच पंजाबरावांच्या नावाची दुसरी योजना पाहा. वसतिगृह निर्वाह भत्ता. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या, घर सोडून व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींसाठी ती आहे. योजना चांगली आहे. पण हा पैसा अमुक तारखेच्या आत पोराच्या खात्यात पडलाच पाहिजे, नाही पडला तर सरकार व्याज भरेल, असे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतलेले नाही. शेतकऱ्याला एक दिवस उशीर झाला तर त्याची सवलत जाते. सरकारला वर्षाचा उशीर झाला तर सरकारचे काय जाते?

रिसोड किंवा मानोऱ्याचा पोरगा अकोल्याला शिकायला गेला. खोली आणि मेस मिळून महिन्याचे चार हजार धरा. दहा महिन्यांचे चाळीस हजार. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे साडेसात क्विंटल सोयाबीन. एकरी पाच क्विंटल पिकले तर दीड एकराचे अख्खे पीक, बियाणे, खत, फवारणी, मजुरी काहीही वजा न करता. तेही हमीभावाने विकले गेले तर! चार एकरवाल्याने पोरगा शिकवायचा म्हणजे शेताचा तिसरा हिस्सा मेसवाल्याच्या नावाने पेरायचा.

मेसवाला दर महिन्याला पैसे मागतो. घरमालक पहिल्या तारखेला दारात उभा राहतो. शिष्यवृत्ती मात्र कधी परीक्षा झाल्यावर येते, कधी पुढचे वर्ष लागल्यावर. मधले महिने बाप व्याजाने पैसे काढतो. भत्ता येतो तेव्हा तो पोराच्या ताटात पडत नाही, सावकाराच्या खिशात जातो. पेरणीला न मिळालेले कर्ज दिवाळीला मंजूर झाले तर त्याचा जेवढा उपयोग, तेवढाच याचा.

आता विद्यापीठांच्या नियमांकडे या. बहुतेक अभ्यासक्रमांत ७५ टक्के हजेरीची अट आहे. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. आमच्या जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात येते. नेमके तेव्हा सत्र भरात असते. मजूर मिळत नाही, वर ढग दाटून आलेले असतात, आणि बाप फोन करतो, "बापू, चार दिवस ये." पोरगा गेला नाही तर पीक भिजते, गेला तर हजेरी बुडते. खेळाच्या स्पर्धेला गेलेल्याची हजेरी धरण्याची सोय असते. बापाचे पीक वाचवायला गेलेला मात्र गैरहजर!

गंमत अशी की गाव ही शाळा आहे, हे कृषी विद्यापीठांना चांगले माहीत आहे. शेवटच्या वर्षाचे कृषिदूत आणि कृषिकन्या तुमच्या गावात येतात, रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवतात. त्याचे त्यांना गुण मिळतात. मी स्वतः कृषी पदवीधर आहे, त्या कामाची किंमत मला कळते. दुसऱ्याच्या शेतावरचे काम अभ्यास ठरते, तर स्वतःच्या शेतावरची सोंगणी दांडी कशी?

म्हणतील, सरकार देते ते बघा की! बघू. २०२४-२५ पासून व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातील मुलींचे शुल्क सरकार भरते. निर्णय स्वागतार्ह आहे. पण शुल्क भरले म्हणून पोट भरत नाही. एसटीचा मोफत पास मुलीला बारावीपर्यंतच आहे. ती बारावी पास झाली की तो पासही गेला! दुष्काळ जाहीर झाला की परीक्षा शुल्क माफ होते, हेही खरे. पण २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षी दुष्काळाची घोषणा ३१ ऑक्टोबरला झाली. तोवर हिवाळी परीक्षेचे बरेचसे फॉर्म पैशासकट भरून झालेले असतात.

दोन आक्षेप हमखास येतील. पहिला, नियम सैल केले तर दर्जा घसरेल. आम्ही एकही पेपर सोपा मागत नाही. बुडालेले तास भरून काढायची संधी मागतो. दुसरा, एवढे काटेकोर वेळापत्रक सरकारी कामात जमत नाही. का जमत नाही? उसाचा पैसा १४ दिवसांत दिला नाही तर कारखान्याने १५ टक्के व्याज द्यावे, असा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यानेही पंधरा दिवसांनंतरच्या मजुरीवर भरपाई धरली. अंमलबजावणी कशी झाली ते आपण जाणतो. पण उशिराला किंमत असते, हे तत्त्व सरकारने मान्य केलेले आहे. ते विद्यार्थ्यालाच का लागू नाही?

अकोल्याचे कृषी विद्यापीठ कोणी दान दिलेले नाही. १९६७ साली त्यासाठी वऱ्हाड पेटले, गोळीबार झाला, माणसे गेली. तेव्हा १९६९ साली ते उभे राहिले. वाशिम त्या वेळी अकोला जिल्ह्यातच होते. त्या विद्यापीठावर पंजाबरावांचे नाव आहे. ज्या कुणब्याच्या पोरासाठी ते मागितले, तो पोरगा चार हजारांपायी परत फिरत असेल तर पाटीवरच्या नावाला अर्थ काय राहिला?

जिल्हा बैठकीत पुढील ठराव मांडत आहोत. प्रत्येक तालुक्याने त्यावर चर्चा करून यावे.

१. निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता सत्र सुरू झाल्यापासून ३० दिवसांत मिळावा. उशीर झाल्यास त्यावर व्याज मिळावे.

२. शिष्यवृत्ती थकली म्हणून कोणत्याही महाविद्यालयाने निकाल, दाखला किंवा परीक्षेचा फॉर्म अडवू नये.

३. पेरणी व सोंगणीसाठी प्रत्येक हंगामात आठ दिवसांची रजा हजेरीत धरावी. बुडालेल्या तासांची भरपाई जादा तासांनी करावी.

४. हजेरी, फेरपरीक्षा, शुल्क व सवलतींचे सर्व नियम मराठीत छापून प्रवेशाच्या दिवशीच हातात द्यावेत.

५. पदवीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत असावा.

ज्यांची मुले बाहेर शिकत आहेत त्यांनी येताना अर्ज केल्याची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख लिहून आणावी. कारंज्यापासून रिसोडपर्यंत सहाही तालुक्यांच्या तारखा एका कागदावर मांडू आणि तो कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू. आपल्याकडून तारखेचा हिशेब घेणाऱ्यांकडून आता आपणही तारखेचाच हिशेब घेऊ.