ताळेबंद आणि रोजकीर्द

यंदाच्या स्नेहसंमेलनात गाणी ट्रॅकवर म्हणावीत, म्हणजे चूक होणार नाही, असे काही मित्रांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. 'डीप पर्पल' या इंग्लिश रॉक बँडचे उदाहरण देतो.

डिसेंबर १९७१ मध्ये हा बँड ध्वनिमुद्रणासाठी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे गेला. ठरलेला कॅसिनो फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात आगीत जळाला. अखेर हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात गाद्या लावून 'मशीन हेड'ची गाणी मुद्रित झाली. यंत्रे बाहेरच्या गाडीत. वाजवलेले ऐकायला तिथवर जाण्याचा त्रास एवढा, की मंडळींनी ते ऐकणेच सोडले. वादन मनास आले की पुढचे गाणे!

ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका व टोकियो येथील तीन मैफलींतून 'मेड इन जपान' निघाली. स्टुडिओत साडेचार मिनिटांचे 'स्पेस ट्रकिन' तिथे जवळजवळ वीस मिनिटे रंगते.

आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत, स्टुडिओची तबकडी म्हणजे ताळेबंद आणि मैफल म्हणजे रोजकीर्द. ताळेबंद नीटनेटका असतो हे खरे. पण रोजकीर्दीत नोंदच नसेल तर तो काढणार कशावरून? माँत्रोच्या बोळातही आधी वाजवावेच लागले.

आपली मंडळी वीस मिनिटे रंगवतील असे नाही. एखादा सूर चुकेलही. पण तो आपला असेल. ओठ हलवून मिळवलेली टाळी मात्र उसनवारीच्या खात्यावरच मांडावी लागेल.