केसपेपरवरील 'हनुग्रह'

आपल्या चिकित्सालयांतील केसपेपर चाळले असता जबड्याच्या बहुतेक तक्रारींसमोर एकच शब्द आढळतो. तोंड पुरेसे उघडत नाही, हनुग्रह. चावताना कानापुढे कळ येते, हनुग्रह. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो, हनुग्रह. त्यापुढे वातव्याधीची सामान्य चिकित्सा ओघानेच येते : महानारायण तेलाचा अभ्यंग, नाडीस्वेद, अणुतेलाचे नस्य आणि पोटात एखादा गुग्गुळकल्प. काही रुग्णांस यातून उत्तम उपशय मिळतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्यांस तो मिळत नाही, त्यांतील काहींचे मोलाचे महिने या उपचारात निघून जातात. म्हणून जबड्याच्या प्रत्येक रुग्णाची रचनाशारीराच्या आधारे तपासणी केल्यावाचून आणि त्याचे तोंड किती उघडते हे मोजून लिहिल्यावाचून 'हनुग्रह' हा शब्द केसपेपरवर येऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही मागणी पाश्चात्त्य वैद्यकाच्या प्रभावातून आली आहे, असा आक्षेप कोणी घेईल. त्यांनी आपलेच ग्रंथ पुन्हा उघडावेत. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हनुमूलाश्रित वायूच्या दोन परस्परविरुद्ध अवस्था सांगितल्या आहेत : एकीत मुख उघडेच राहते, दुसरीत ते मिटलेले राहते. वाग्भटाचार्य हनुस्रंसाची कारणे देताना जिभेचे अतिलेखन, शुष्क पदार्थ चावणे व अभिघात यांचा नामनिर्देश करतात. सुश्रुताचार्य हनुमोक्षाची गणना दंतरोगांत करतात आणि उत्तरतंत्रात अनंतवाताच्या लक्षणांतही हनुग्रहाचा उल्लेख करतात. म्हणजे हनुग्रह हा कोठे स्वतंत्र व्याधी आहे, तर कोठे अन्य व्याधीचे लक्षण. ग्रंथकारांनी जो भेद इतक्या काळजीने केला, तो आपण केसपेपरवर एका शब्दात पुसून टाकतो.

सुश्रुत शारीरस्थानात हनूच्या ठिकाणी आठ पेशी सांगितल्या आहेत. आधुनिक शारीरानुसार चर्वणाचे मुख्य स्नायू प्रत्येक बाजूस चार : मॅसेटर, टेम्पोरॅलिस, मीडियल टेरिगॉइड व लॅटरल टेरिगॉइड. दोन्ही बाजूंचे मिळून आठ. हा योग पाहून मन प्रसन्न होते, हे खरे. तथापि संहितेत या पेशींचे उगम व निवेश दिलेले नाहीत, केवळ संख्या दिली आहे. तेव्हा 'हे सर्व आमच्याकडे आधीच होते' असे व्यासपीठावरून सांगण्याइतका आधार त्यातून मिळत नाही. त्याहून आम्हांस मोलाचे वाटते ते हनुसंधीचे नाव. संधींच्या आठ प्रकारांत सुश्रुतांनी या संधीस 'वायसतुंड' म्हटले आहे. कावळ्याची चोच उघडताना-मिटताना ज्याने नीट पाहिली असेल, त्यासच ही उपमा सुचू शकते.

हा संधी इतर संधींसारखा साधा नाही. तोंड उघडू लागताच खालच्या जबड्याचे शीर्ष, म्हणजे काँडाइल, प्रथम आपल्या खोबणीत बिजागरीप्रमाणे फिरते. तोंड आणखी उघडले की ते मधल्या चकतीसह पुढे घसरून समोरच्या उंचवट्यावर येते. शीर्षाला व चकतीला पुढे खेचणारा स्नायू लॅटरल टेरिगॉइड. उरलेले तिन्ही स्नायू जबडा मिटविणारे. मॅसेटर गालाच्या हाडाच्या कमानीपासून जबड्याच्या कोनापर्यंत बाहेरून उतरतो, मीडियल टेरिगॉइड त्याच कोनाला आतून धरतो आणि टेम्पोरॅलिस शंखप्रदेशातून पंख्यासारखा खाली येतो. दात घट्ट आवळून शंखप्रदेशावर बोटे ठेवली तर त्याची हालचाल कोणासही जाणवेल. हा शंखप्रदेश म्हणजे सद्यःप्राणहर मर्माचे स्थान, हे वाचकांस सांगावयास नको.

जांभई देताना जबडा निखळतो तो याच रचनेमुळे. शीर्ष उंचवट्याच्या पुढे निसटते, तत्क्षणी मॅसेटर व टेम्पोरॅलिस आकुंचन पावतात आणि त्यास तेथेच वर ओढून धरतात. त्यामुळे रुग्णाने कितीही प्रयत्न केला तरी तोंड मिटत नाही. आता चरकोक्त चिकित्सा आठवावी. प्रथम स्वेदन, मग उघड्या मुखात अंगठ्यांनी हनू दाबणे, तर्जनींनी हनुवटी वर उचलणे. सुश्रुतांच्या भग्नचिकित्सेत संधी जागेवर आणून स्वेदन व नंतर पंचांगी बंध सांगितला आहे. स्वेदनाने आवळलेले स्नायू सैल होतात, अंगठ्यांचा दाब शीर्षाला उंचवट्याखाली नेतो, हनुवटी उचलली की ते मागे खोबणीत सरकते. आजही दाढांवर अंगठे ठेवून खाली व मागे दाब देण्याचीच रीत शिकविली जाते. ज्या वैद्यास स्नायूंची ओढ कोणत्या दिशेने आहे हे ठाऊक आहे, त्याच्या हाती हा विधी सुरक्षित आहे; ज्यास ते ठाऊक नाही त्याने रुग्णास पुढे पाठवावे. अंगठ्यांस जाड कापड गुंडाळणे मात्र विसरू नये, कारण जबडा बसताच दात जोरात मिटतात.

नाड्यांकडे वळू. चर्वणाच्या चारही स्नायूंस चेतना देते ती ट्रायजेमिनल नाडीची तिसरी शाखा. कवटीच्या तळाशी फोरॅमेन ओव्हेल नावाच्या छिद्रातून ती खाली उतरते. हिचीच एक उपशाखा, ऑरिक्युलोटेम्पोरल, हनुसंधीच्या मागून वळसा घेऊन कानापुढून शंखप्रदेशाकडे जाते आणि जाता जाता संधी, कर्णनलिका व शंखप्रदेश या तिन्हींच्या वेदना वाहून नेते. परिणामी दुखतो संधी आणि रुग्ण दाखवितो कान. औषधी दुकानांतून कर्णपूरणासाठी खपणाऱ्या तेलांपैकी किती बाटल्या अशा निरोगी कानांत रिकाम्या होत असतील, याचा विचार दुकानदार बंधूंनी अवश्य करावा. परीक्षा अगदी सोपी आहे. कानाच्या पाळीपुढे बोट ठेवून रुग्णास तोंड उघड-मीट करावयास सांगावे. तेथे कळ उठली, 'कट्' असा आवाज बोटास जाणवला किंवा हनुवटी एका बाजूस सरकली, तर विकार संधीत असण्याचा संभव अधिक.

अर्दिताच्या रुग्णातही हे नाडीज्ञान उपयोगी पडते. चेहऱ्याचे हावभाव दाखविणारे स्नायू फेशियल नाडीचे आणि चावण्याचे स्नायू ट्रायजेमिनलचे. गालातील बक्सिनेटर हा फेशियल नाडीचा असल्याने निव्वळ अर्दितात घास गालात साठून राहतो, पण दात आवळण्याचे बळ शाबूत असते. दात आवळावयास सांगून दोन्ही मॅसेटर हातांनी पाहावेत. एका बाजूचा मॅसेटर घट्ट होत नसेल, किंवा तोंड उघडताना हनुवटी दुर्बल बाजूकडे वळत असेल, तर प्रकरण साध्या अर्दिताच्या पलीकडचे आहे, हे ओळखून मेंदूच्या तपासणीसाठी पाठवावे. तसेच खालचा ओठ व हनुवटी एका बाजूने बधिर झाली असेल आणि दाताचे कोणतेही कारण सापडत नसेल, तर त्या बधिरतेस कधीही क्षुल्लक मानू नये. जबड्याच्या हाडातून जाणारी नाडी एखाद्या अर्बुदाने दाबली गेल्याची ती खूण असू शकते.

ट्रायजेमिनल नाडीच्या शूलाविषयी आपल्याकडे बरेच लिहिले जाते. काही जण त्यास अनंतवात म्हणतात, काही अन्य नावे देतात. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. विजेसारखी काही सेकंदांची कळ, दाढी करताना, वाऱ्याची झुळूक लागताना किंवा पहिला घास चावताना ती उठणे, आणि दोन कळांच्या मध्ये रुग्ण पूर्ण सुखी असणे, एवढे चित्र ज्याने लक्षात ठेवले तो रुग्णाचे दोन-तीन निरोगी दात तरी वाचवील. अशा रुग्णाच्या चेहऱ्यावर अभ्यंग करताना स्पर्शानेच कळ उठते, याचीही जाणीव असावी. रुग्ण तरुण असेल, कळ दोन्ही बाजूंस असेल किंवा स्पर्शज्ञान कमी झाले असेल, तर एमआरआय आवश्यक.

आमच्या मते सर्वांत मोठा गोंधळ होतो तो तोंड न उघडण्याबाबत. आपल्या प्रदेशात तोंड हळूहळू मिटत जाणाऱ्या तरुण रुग्णाच्या बाबतीत पहिला प्रश्न सुपारीचा असला पाहिजे. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, सर्वत्र गुटखा. नावे निराळी, सुपारी तीच. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली, तरी पुड्या कोठे मिळतात हे रुग्णालाच नव्हे, तर आपणा सर्वांस ठाऊक आहे. सुपारीने होणाऱ्या या विकारास ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. श्वार्ट्झ यांनी १९५२ साली पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांत तो प्रथम नोंदविला आणि पुढच्याच वर्षी जोशी यांनी भारतातील रुग्णांत त्याचे वर्णन केले. सुरुवातीस तिखट लागताच तोंडाची आग होते. मग गालाच्या आतील त्वचा फिकट, संगमरवरी दिसू लागते, बोट फिरविले असता आत उभे दोरे लागतात, जीभ पुरेशी बाहेर येत नाही, पडजीभ आक्रसते.

येथे शारीर जाणणाऱ्याच्या लक्षात येईल की विकाराचा आरंभ चर्वणाच्या स्नायूंत नाही आणि संधीतही नाही. श्लेष्मल त्वचेखालील तंतूंनी मुखाला आतून जखडलेले असते. बाहेरून गालावर तेल चोळून व वाफ देऊन ते तंतू सुटतील, ही अपेक्षा रचनेशीच विसंगत आहे. मुखांतर्गत चिकित्सेचा, गंडूष-कवल-प्रतिसारणाचा विचार येथे जरूर करावा, त्यावर अधिक काटेकोर अभ्यास व्हावा असेही आम्हांस वाटते. परंतु सुपारी पूर्ण बंद झाल्याविना कोणत्याही पॅथीचा कोणताही कल्प येथे टिकणार नाही. आणि हा विकार केवळ तोंड मिटवून थांबत नाही. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षांपर्यंत पाठपुरावा करण्यात आला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५ जणांस मुखकर्करोग झाल्याची नोंद आहे. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिला आहे. केसपेपरवर 'हनुग्रह' लिहून, गालाच्या आत टॉर्च न टाकता, अशा रुग्णास तीन महिने नस्य देत राहणे हे आम्हांस क्षम्य वाटत नाही. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा दिसला तर त्याच दिवशी पुढे पाठवावे.

काही प्रसंगी तर दिवसाचाही अवकाश नसतो. जखमेनंतर दातखीळ बसलेला रुग्ण धनुर्वाताचा असू शकतो. अक्कलदाढेजवळ सूज, ताप, गिळताना त्रास व हनुवटीखाली कठीण फुगवटा असेल तर तेथे स्वेदन म्हणजे विस्तवास वारा घालणे. चालताना जबडा दुखणे व थांबताच उतरणे, यात हृदयाचा विचार ईसीजीविना सोडू नये. पन्नाशीपुढील रुग्णात चावताना जबडा थकून दुखत असेल, जोडीला शंखप्रदेशी नवी डोकेदुखी असेल, तर दृष्टी जाण्याचा धोका असतो. हा विकार आपल्याकडे विरळ असला तरी त्याची आठवण असू द्यावी.

हे सारे वगळल्यावर जे उरते, ते आपले खरे क्षेत्र. रात्री दात खाणारे, चिंतेने दिवसभर दात आवळून बसणारे, एकाच बाजूने चावणारे रुग्ण, ज्यांचा मॅसेटर बोटाखाली दोरखंडासारखा लागतो आणि दाबताच दुखतो. यांस स्नेहन, मृदू स्वेदन, नस्य व निद्रेची चिकित्सा उत्तम लागू पडते. वातप्रकोपाची मीमांसा येथे जितकी चपखल बसते, तितकी इतरत्र क्वचितच बसेल.

आता मोजमापाविषयी. वरच्या व खालच्या समोरील दातांच्या कडांमधील अंतर साध्या प्लॅस्टिकच्या पट्टीने मोजता येते. निरोगी प्रौढात ते बहुधा ४० मिलिमीटर वा अधिक असते. ३५ च्या खाली गेले की तोंड कमी उघडते असे समजावे. पट्टी नसेल तर रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का ते पाहावे. आपल्या नियतकालिकांतून प्रसिद्ध होणाऱ्या रुग्णानुभवांत 'मुख उघडण्यात लक्षणीय सुधारणा' असे वाक्य वारंवार येते. किती होते आणि किती झाले? २२ चे ३१ झाले असे लिहिले तर वाचणाऱ्या वैद्यास काही हाती लागते, विरोधकासही उत्तर मिळते. संपादक मंडळास आमची विनंती आहे की, जबड्यासंबंधीचा रुग्णानुभव चिकित्सेपूर्वीच्या व नंतरच्या मापाविना स्वीकारू नये, आणि सुपारीसेवनाची नोंद नसलेला लेख तर परतच पाठवावा.

औषधी दुकानदारांकडेही अनेक रुग्ण वैद्याआधी पोहोचतात. 'तोंड उघडत नाही, गुळण्यांसाठी तेल द्या' असे कोणी म्हणाला तर इरिमेदादि तेलाची बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : सुपारी खाता का, तोंडात न भरणारी जखम आहे का, हे किती दिवसांपासून आहे. उत्तर होकारार्थी असेल वा मुदत तीन आठवड्यांहून अधिक असेल, तर बाटलीसोबत जवळच्या वैद्याचे किंवा दंतवैद्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी द्यावी. संघटनेच्या तालुका शाखांनी अशा छापील चिठ्ठ्या सभासद दुकानदारांस पुरविल्या, तर त्यासाठी येणारा खर्च अगदी किरकोळ असेल.